खलनायकाच्या बाजूने

‘ब्रेकिंग बॅड’ ही व्हिन्स गिलिगन यांची मालिका एएमसी या अमेरिकी वाहिनीवर २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि ६२ भागांत दाखवली गेली. अल्बुकर्कीतल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या वॉल्टर व्हाइटला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळते, कुटुंबासाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनवू लागतो आणि पाहता पाहता अट्टल गुन्हेगार होतो. वॉल्टरचे बिघडणे मालिकेत उघडच दिसते. प्रेक्षकाचे बिघडणे त्याच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात येते.

कुटुंबाची सबब खरे तर पहिल्याच पर्वात निकालात निघते. पाचव्या भागात जुना श्रीमंत मित्र नोकरी आणि उपचारांचा खर्च देऊ करतो, आणि वॉल्टर निव्वळ ताठ्यापायी ती मदत नाकारतो. तरीही प्रेक्षक पुढची कित्येक पर्वे ‘बिचारा घरच्यांसाठी करतो’ हे पालुपद सोडत नाही. मरे स्मिथ या चित्रपट-अभ्यासकाने १९९५ साली ‘एंगेजिंग कॅरेक्टर्स’ या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: कथा आपल्याला कोणाबरोबर चालवते ही एक, आणि आपण बाजू कोणाची घेतो ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही, असे स्मिथचे म्हणणे. पण वर्षानुवर्षे एकाच माणसाबरोबर चालल्यावर ती बरीचशी येते, हे या मालिकेने दाखवून दिले.

त्यामागे एक साधा स्वार्थही आहे. संस्कृत काव्यशास्त्रातल्या भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धांतात प्रेक्षक आपले हिताहित बाजूला ठेवून नाट्य अनुभवतो. लांबत जाणाऱ्या मालिकेत उलट घडते. प्रेक्षकाचे हित कथेत गुंतते. वॉल्टर पकडला गेला की मालिका संपली! त्यामुळे त्याला अडवणारा प्रत्येक जण नकळत प्रेक्षकाचाही शत्रू होतो.

दुसऱ्या पर्वातला ‘फिनिक्स’ हा २००९ चा भाग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. वॉल्टरचा साथीदार जेसी याची मैत्रीण जेन पैशांसाठी वॉल्टरला धमकावते. ती दूर व्हावी, असे एव्हाना प्रेक्षकालाही वाटू लागलेले असते. त्याच भागात वॉल्टर तान्ह्या मुलीला कुशीवर निजवतो. दूध उलटले तर घशात अडकू नये म्हणून. पुढे तो जेसीच्या घरी जातो. हेरॉइनच्या नशेत दोघे झोपलेले. जेसीला हलवून उठवताना जेन उताणी होते, उलटीने गुदमरते. वॉल्टर धावतो, थबकतो, आणि ती मरेपर्यंत नुसता उभा राहतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येते. काही क्षण सुटकेचा नि:श्वास टाकून मग शहारलेल्या प्रेक्षकाला या दृश्याची खरी किंमत कळते. त्या काळी त्याला पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागे. ओटीटीवर सलग पाहणाऱ्याच्या वाट्याला ही अस्वस्थता जेमतेम येते, आणि हे नुकसानच आहे.

वॉल्टरची बायको स्कायलर हिच्याबद्दलची प्रतिक्रिया याहून बोलकी. नवऱ्याला जाब विचारणारी, मुलांना त्याच्यापासून वाचवू पाहणारी ही बाई अनेक प्रेक्षकांना खुन्यापेक्षा असह्य झाली. हा द्वेष भूमिका करणाऱ्या ॲना गन यांच्यापर्यंतही पोहोचला. २०१३ मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. बायकांकडून असलेल्या ठरावीक अपेक्षा यामागे आहेतच. पण कथेला खीळ घालण्याचा अपराधही स्कायलरच करत होती.

पाचव्या पर्वातल्या ‘डेड फ्रेट’मध्ये (२०१२) वॉल्टरची टोळी आगगाडीतून मेथॅम्फेटामिनसाठी लागणारे मेथिलअमाइन हे रसायन चोरते. मिनिटामिनिटाचा ताण, शेवटी फत्ते, आणि टोळीबरोबर प्रेक्षकाचाही जल्लोष. तेवढ्यात मोटरसायकलवरचा एक लहान मुलगा समोर उभा दिसतो. तो हात हलवतो. टोळीतला टॉड पिस्तूल काढतो आणि त्याला मारतो. साक्षीदार नको, हा टोळीचाच नियम त्याने पाळलेला असतो. चोरी पार पडावी म्हणून क्षणापूर्वी श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकाला तो नियम झेपत नाही.

सगळ्यात कडक हिशेब १५ सप्टेंबर २०१३ च्या ‘ओझिमँडियस’मध्ये होतो. पोलीस ऐकत आहेत हे ओळखून वॉल्टर फोनवर स्कायलरला शिवीगाळ करतो, म्हणजे ती निर्दोष ठरेल. तिच्यावर रागावलेले प्रेक्षक तिला जे जे म्हणत आले होते, जवळपास तेच त्याच्या तोंडी येते, आणि बोलताना तो रडत असतो. पुढे ‘फेलिना’ या अखेरच्या भागात आपण हे स्वतःसाठीच केले अशी कबुली तो देतो खरी, पण जेसीची सुटका करून, वैऱ्यांना यंत्र-बंदुकीने उडवून मरतो. एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिलेल्या या शेवटाने प्रेक्षकाला बरेच स्वस्तात सोडले.