नाकासमोर चालणारी गाडी

लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी मुलाचे जे गुण सांगायचे असतात, त्यांत 'मुलगा अगदी नाकासमोर चालणारा आहे' हे वाक्य हमखास असते. पगार, उंची, गोत्र यांची खातरजमा करून घेता येते. नाकाची करून घेता येत नाही. शिवाय नाक हे समोरच असल्यामुळे माणूस कुठेही निघाला तरी नाकासमोरच चालत असतो. गुत्त्याकडे निघालेला इसमही नाकासमोर चालतच गुत्त्यात शिरतो.

तेव्हा सरळपणा नाकात नसतो हे नक्की. मग तो असतो कुठे? संस्कारात, की चार लोक काय म्हणतील या भीतीत? अंगावर जबाबदारी पडली म्हणून सरळ चालणारा आणि मोकळा असूनही सरळ चालणारा, यांतला खरा सरळ कोण? आणि एखादा वाकडा चाललाच, तर बोल कोणाला लावायचा? या प्रश्नांची उत्तरे मोठमोठ्या ग्रंथांत असतीलच. मला ती लालबागच्या एका मिस्त्रीने ट्रकखाली उताणे पडून दिली.

ट्रक आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांचा. वर्षभर तो लालबागच्या मसालेवाल्यांकडे मिरच्यांची पोती वाहतो आणि वर्षातून दोन दिवस, म्हणजे आगमनाला आणि विसर्जनाला, आमच्या मंडळाचा गणपती वाहतो. आता लालबागमध्ये लहान मंडळ चालवणे म्हणजे दोन पैलवानांच्या मध्ये बसून जेवण्यासारखे आहे. गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा. त्यांच्या शेजारी आपला बाप्पा लोकांना दिसावा कसा? तर उंची वाढवून. मूर्ती दर वर्षी एकेक फूट वाढू लागली. मूर्ती वाढली तसे वजन वाढले, आणि वजन पेलावे म्हणून कमिटीने ट्रकच्या मागच्या कमानीला दोन पाटे जादा चढवून घेतले. मागचा भाग असा काही उंचावला, की रिकामा ट्रक कायम वाकून नमस्कार करीत उभा असल्यासारखा दिसे. वाडीला वाटले, गाडीसुद्धा भाविक झाली.

ट्रक चालवायचे ते आबा. साताऱ्याकडचे, साठीला आलेले, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे मोजके. तीन वर्षांपूर्वीच्या अनंत चतुर्दशीला आबांनी आमचा बाप्पा लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत इतका अलगद नेला, की मूर्तीच्या हातातला मोदकसुद्धा हलला नाही. पहाटे रिकामा ट्रक परत निघाला. मागे थकलेली पोरे बसली होती, रस्ता मोकळा होता. आणि तो ट्रक कधी डावीकडे, कधी उजवीकडे असा झोकांड्या खात आला आणि वाडीजवळच्या कमानीचा बांबू घेऊनच थांबला. पोरांना खरचटले, एवढ्यावर निभावले. त्याच वेळी तिथे एखादा फूलवाला उभा असता, तर हा लेख विनोदी झाला नसता.

तिसऱ्या दिवशी कमिटीची सभा भरली. मी सल्लागार समितीत असतो, म्हणजे ज्याला कोणी सल्ला विचारत नाही अशा जागी असतो. चिटणीस तरुण आणि तर्कशास्त्राचा पक्का. तो म्हणाला, "जाताना गाडी सरळ गेली ना? येताना झोकांड्या खाल्ल्या ना? मग मधल्या वेळात, चौपाटीवर, काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको." सभेने अर्थपूर्ण माना हलवल्या. आबांना काढण्याचा ठराव जवळजवळ पास झाला होता, तेवढ्यात आमचे खजिनदार उठले. हे गृहस्थ गेली तीस वर्षे प्रत्येक ठरावाला हरकत घेत आले आहेत. त्यांनी विचारले, "वास कुणाला आला?"

वास कोणालाच आला नव्हता. मग असे ठरले, की गाडी मिस्त्रीला दाखवावी, आबांनी तोवर घरी बसावे, आणि मिस्त्रीकडे ज्याला काही काम नाही अशा सभासदाने जावे. असा सभासद शोधायला कमिटीला वेळ लागला नाही.

आबा बारा दिवस ओट्यावर बसून होते. येणारा-जाणारा बघून न बघितल्यासारखे करी. वाडीत दारू पिणाऱ्यांची वाण नाही, त्यांच्याशी सगळे बोलतात. पण माळकऱ्याने घेतली असावी, या कल्पनेत लोकांना जो आनंद होता, तो मला खऱ्या दारूपेक्षा जास्त चढलेला दिसला.

मिस्त्रीने गाडीखाली शिरण्याआधी चाकांतली हवा मोजली. मग पोऱ्याला स्टिअरिंग डावे-उजवे हलवायला सांगून स्वतः टाय रॉडचे सांधे हाताने चाचपले. त्यात ढिलाई नव्हती. उलट स्टिअरिंगचा बॉक्स गच्च आवळलेला होता.

"हे कुणी केलं?"

गाडी जरा भटकते असे गणपतीआधी लक्षात आले, तेव्हा कमिटीतल्याच एका हुशार मुलाने तो आवळून घेतला होता.

"काका, थोडा प्ले लागतो. इतकं आवळलं की स्टिअरिंग जिथं वळवाल तिथंच राहतं, आपणहून माघारी येत नाही. मग ड्रायव्हर सारखा हे सावर, ते सावर करतो, आणि गाडी आणखीच नाचते."

पोरांना फार आवळू नये, असे माझी आजी म्हणायची. तिने ट्रक चालवला नव्हता, पण अकरा मुले वाढवली होती.

मग मिस्त्रीने सुतळी काढली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ती ताणून त्याने मागचा आस चौकोनात आहे का ते बघितले. "मागचं वाकडं असलं तर पुढचं कितीही सरळ करा, गाडी खेकड्यासारखी जाणार." आस ठीक निघाला. पुढच्या चाकांवर खडूच्या खुणा करून त्याने दोन्ही चाकांमधले अंतर पुढून आणि मागून मोजले. पुढचे अंतर दोन-तीन मिलिमीटरने कमी भरले. मला वाटले, चोर सापडला. पण ते तसेच असावे लागते म्हणे. चाके उभी असताना किंचित एकमेकांकडे वळलेली असतात, धावताना सांध्यांवर ओढ येते आणि ती समांतर होतात. ही व्यवस्था करणाऱ्याने संसाराचा बारकाईने अभ्यास केलेला असावा.

"मग दोष आहे कुठे?" मी विचारले.

मिस्त्री बाहेर आला आणि त्याने पोऱ्याची सायकल ओढली. पुढचा चिमटा दाखवून म्हणाला, "हा सरळ उभा आहे का?" नव्हता. वरच्या बाजूने तो सीटकडे कललेला होता. ट्रकचे पुढचे चाक ज्या खुंटाभोवती वळते, तो किंगपिनही असाच डोक्याकडून थोडा मागे कललेला असतो. त्या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे खुंटाची रेघ जमिनीवर जिथे टेकते, त्याच्या थोडे मागे चाक टेकते, आणि ते आईच्या पदराला धरून चालणाऱ्या पोरासारखे मागून येते. खड्ड्याने ते वळले तरी पुन्हा आपोआप सरळ होते. आता मागचे पाटे वाढवून गाडीचा पार्श्वभाग उचलला, की पुढची बाजू खाली जाते, खुंट ताठ होतो आणि चाकाचे माघारी येणे संपते. मूर्ती चढली की वजनाने मागचा भाग बसतो, खुंट पुन्हा कलतो, गाडी शहाणी होते. मूर्ती उतरली की पुन्हा पहिले पाढे.

"आणि दुसरं असं," मिस्त्री म्हणाला, "मिरवणुकीत माणसाच्या चालीनं कुठलीही गाडी सरळच जाते. खोट कळते ती स्पीडला."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आपण किती माणसांना मिरवणुकीच्या वेगात पाहून सरळ ठरवतो!

"वर्षात बाप्पा किती दिवस चढतो?" त्याने विचारले. मी म्हटले, दोन. "मग ही गाडी दोन दिवसांसाठी लावायची का तीनशे त्रेसष्ट दिवसांसाठी?"

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर हेच होते. डोक्यावर ओझे आहे तोवर सरळ चालणारी माणसे मी खूप पाहिली आहेत. मुलीचे लग्न होईपर्यंत सरळ, बढती मिळेपर्यंत सरळ. ओझे उतरले, की ती डावी-उजवी मारू लागतात. ते ओझ्याचे पुण्य असते, माणसाचे नव्हे. आणि रस्ता तर मदतीला कधीच नसतो. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे मोकळी सोडलेली वस्तू गटाराकडेच जाते. हे पावसाच्या पाण्यासाठी केलेले आहे, नीतिशास्त्रासाठी नव्हे. पडल्यावर आपणहून परत येण्याचा कल जर कोणी बेताबेताने आत बसवला असेल, तर तेवढाच कामाला येतो. न भटकणारे चाक जगात नाही. माघारी येणारे असते.

बोल मात्र नेहमी चाक धरणाऱ्यालाच लागतो. श्रेयाचेही तसेच. वळणावर आतले चाक जास्त आणि बाहेरचे कमी वळावे, ही युक्ती १८१७ च्या सुमारास म्युनिकच्या लांकेन्सपेर्गर नावाच्या गाडीकारागिराने काढली. इंग्लंडात तिचे पेटंट घेतले अकरमन यांनी, आणि जग आज तिला अकरमनची रचना म्हणते. डोके एकाचे, नाव दुसऱ्याचे. आमच्या वाडीत पाटे कमिटीचे आणि झोकांड्या आबांच्या.

जादा पाटे काढायचे ठरले. तसेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितले आहे. माणसांसाठी असे कलम नाही. त्यामुळे चाळीतून तिसाव्या मजल्यावर गेलेली काही मंडळी उंची वाढवून घेतात, पण कोन कोणी तपासून घेत नाही.

पाटे निघाल्यावर जी थोडी कसर उरली, ती मिस्त्रीने पुढच्या आसावर, पाट्यांच्या खाली, पोलादाची एक पातळ पाचर बसवून भरून काढली. स्टिअरिंगचा बॉक्स सैल केला. पहाटे शिवडीच्या मोकळ्या रस्त्यावर आबांनी स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल सोडली. रिकामा ट्रक सुतासारखा सरळ गेला. आबा काही बोलले नाहीत. माळेवर हात ठेवला फक्त.

कमिटीने माफी मागितली नाही. ठरावात तसा विषय नव्हता. पुढच्या वर्षी आगमनाचा पहिला नारळ फोडण्याचा मान आबांना देण्यात आला. आबा म्हणाले, "गाडीपुढं फोडा. चूक तिची नव्हती, माझी पण नव्हती."

त्या वर्षापासून आमची मूर्ती पुन्हा ट्रकला झेपेल एवढी असते. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती बसला. तिथली मूर्ती आजही लहान, शाडूची असते आणि पालखीतून जाते. खांद्यांना अलाइनमेंट लागत नाही.

मराठीत पाचर मारणे म्हणजे चालत्या कामात खोडा घालणे. प्रत्येक कमिटीत तसा एक सभासद असतो आणि प्रत्येक कमिटीला तो नको असतो. आमचे खजिनदार असेच. परवा मूर्ती दोन फुटांनी वाढवण्याचा ठराव पुन्हा आला. सगळ्यांचे हात वर होते. खजिनदार सावकाश उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आबांना विचारलंत का?"

ठराव बारगळला. सभा एकदम सरळ पुढच्या विषयाकडे गेली.