खात्यात पैसे आले. धूर गेला का?

गरिबाला बँकेच्या दारात आणायचा विचार आपल्याकडे जुना आहे. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा मुख्य मुद्दा कर्जाचा होता. शेतकरी सावकाराच्या विळख्यातून सुटावा, एवढीच अपेक्षा होती. हवा-पाण्याचा प्रश्न त्या चर्चेत फारसा नव्हता.

2014 मध्ये जनधन खाती उघडली गेली, त्यांना आधार आणि मोबाइल जोडले गेले आणि खात्याचे कामच बदलले. 1 जानेवारी 2015 पासून ‘पहल’ योजनेतून गॅसचे अनुदान देशभर थेट खात्यात जमा होऊ लागले. 2016 च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील बलियातून गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. बँकेचे खाते आणि चुलीचा धूर यांचा संबंध आता उघड दिसू लागला.

गाडे अडले ते दुसऱ्या सिलिंडरपाशी. सिलिंडरचे पूर्ण पैसे आधी मोजायचे, अनुदान मागाहून येणार. रोजंदारीवरच्या बाईच्या हाती एवढी रक्कम एकदम कुठून येणार? टाकी रिकामी झाली की ती कोपऱ्यात जाते आणि फुकटचे सरपण पुन्हा चुलीत. खाते होते, अनुदानही होते. पण घरात पैसा येण्याची रीत आणि तो मोजण्याची रीत जुळत नव्हती.

केनियाने नेमकी हीच गाठ सोडवली. तिथे 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आली. 2011 मध्ये स्थापन झालेल्या एम-कोपा कंपनीने या सेवेच्या आधारावर घरगुती सौर संच हप्त्याने विकले. सुरुवातीला थोडी रक्कम, मग रोज साधारण 50 शिलिंग. हप्ता थकला की आतल्या सिमकार्डामुळे संच दुरूनच बंद होई. घासलेटावर रोज खर्च होणारे पैसे असे सौर दिव्याकडे वळले.

मात्र अशा सोयीने पर्यावरण वाचेलच असे नाही; त्याच मोबाइलवरून पेट्रोलच्या मोटरसायकलचा हप्ताही भरता येतो. आपल्याकडचा सौर पंप डिझेल वाचवतो खरा. पण इंधनखर्चाची धास्ती गेली की उपशाला धरबंध न राहण्याचा आणि विहिरीने लवकर तळ गाठण्याचा धोका असतो.

पंजाबने 2018 मध्ये ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ ही योजना सुरू केली, ती म्हणूनच लक्षात घेण्यासारखी. शेतीला तिथे वीज मोफत. तरी ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे 4 रुपये थेट खात्यात मिळू लागले. पंप बंद ठेवण्यालाही मोल आले.

खाती किती उघडली, यावरून पर्यावरणाचा हिशेब लागत नाही. पैसा कशासाठी दिला, वेळेवर पोचला का आणि गरिबाला झेपेल अशा हप्त्यांत व्यवहार होतो का, हे तीन प्रश्न प्रत्येक नव्या योजनेला आपण विचारायलाच हवेत.