फुलावरचं झाड

फुलावर आलेल्या झाडाचं मूळ हलवू नये, असं आमच्या मौद्याकडे जुनी माणसं सांगत. कारण कुणी सांगत नसे. पण आमची शेतीच रोप उपटून लावण्याची असल्यामुळे ते कारण हातांना माहीत होतं.

धानाचे पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले की उपटायचे आणि बांधीतल्या चिखलात रोवायचे. मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांचं लावायचं, कळी धरायच्या आत. उपटणं दोन्हीकडे आहेच, मुळं तुटतातच. पण वय कोवळं असतं. चार दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं आणि मग असं काही धरतं की जणू तिथंच उगवलं होतं. पाऊस लांबला की खरी पंचाईत होते. पऱ्हे चाळीस-पन्नास दिवसांचे होतात. मग त्यांना बांधीत कितीही मोकळी जागा द्या, खत द्या, फुटवे धड येत नाहीत. दोन-चार काड्या वर येतात आणि लोंब्या टाकून मोकळ्या होतात. बाया रोवता रोवताच म्हणतात, "पऱ्हे म्हातारे झाले, आता काय फुटते!"

माझा भाचा नागपूरला राहतो. गेल्या वर्षी त्यानं रोपवाटिकेतून शेवंती आणली. रोपवाटिकावाले झाड फुलावर असतानाच विकतात, कारण गिऱ्हाईक फूल पाहून पैसे काढतं. लहानशी कुंडी, त्यावर भरगच्च फुलं, आणि खालच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर. त्यानं फोन केला, "मामाजी, याले मोठ्या कुंडीत लावू का? बिचारं कोंडून गेलं."

मला तो 'बिचारं' शब्द लागला. त्याच्या मनात दया होती, यात शंका नाही. पण मोठी जागा देणं म्हणजे भलंच करणं, हे आपण फार लवकर धरून चालतो. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. पाणी ओढतात ती मुळांची टोकं आणि त्यावरचे बारीक केस. कुंडी बदलताना तेच आधी तुटतात. वर पानांतून पाणी उडायचं थांबत नाही. मग झाड खर्च कमी करतं, आणि कळ्या-फुलांपासून सुरुवात करतं. शिवाय फुलावर आलेलं झाड आपली ताकद मुळं वाढवण्यात फारशी घालत नाही. नवी मोकळी माती त्याच्या कामी येत नाही, ती नुसती ओली राहते आणि मुळं कुजवते.

शेवंती, जुन्या जातीचा उशिरा येणारा धान, इतकंच काय गांजाचं झाडसुद्धा, ही सगळी रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येणारी मंडळी. दिवस आखडला, की झाड लहान असो की मोठं, कुंडीत असो की वावरात, त्यानं आता फुलायचं ठरवलेलं असतं. गांजाचं नाव काढलं म्हणून कुणी दचकू नये. इंग्रजी अमलात खंडव्याकडे परवान्यानं त्याची शेती होई, आणि तेव्हा खंडवा आणि आपलं नागपूर एकाच मध्य प्रांतात होतं. 1893 साली सरकारनं आयोग नेमला, त्यानं देशभर फिरून भांग-गांजाबद्दल शेकडो साक्षी घेतल्या. पुढे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे; शेंडा सोबत नसेल तर नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही. झाड लावणं मात्र परवान्याशिवाय गुन्हाच, फुललेलं असो वा नसो. मला यात गंमत वाटते ती एवढीच, की कायदा लिहिणाऱ्यांनाही त्या झाडात फूल वेगळं मोजावं लागलं. फूल आलं की झाड पहिल्यासारखं राहत नाही, एवढं त्यांनाही कळलं.

मी भाच्याला म्हटलं, फुलं संपू दे, मग छाटून मोठ्या कुंडीत लाव. तोवर वरून थोडं शेणखत दे, पाणी दोनदा दे.

ही गोष्ट मी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला सांगितली. बाईला माझं तत्त्वज्ञान कधीच पटत नाही. ती म्हणाली, "दुपारी बाराले मान टाकत असंन त काय फुलं संपेपर्यंत मरू देतं त्याले? तुह्या नेमासाठी?"

तिचं बरोबर आहे. न हलवण्यातही माणसाचा आळस लपू शकतो. मुळांचा गोळा असा घट्ट झाला असेल की पाणी बाजूनं वाहून जातं, तर हलवावंच लागतं. मग सांजच्या वेळी हलवावं, आदल्या दिवशी पाणी घालून, मुळांचा गोळा न फोडता, जुनी माती झाडून न टाकता, आणि चार दिवस सावलीत ठेवावं. तरी थोडी फुलं गळतीलच. आंब्याची गळाली तर पुढच्या साली मोहर आहे. धानाला, मिरचीला, गांजाच्या झाडालाही पुढचं साल नाही. त्यांचा फुलायचा हंगाम एकच. त्यांना हलवताना 'पुढं बरं होईल' असं म्हणणारा माणूस त्या झाडाबद्दल बोलतच नसतो. तो बियांबद्दल बोलत असतो.

इथं मला झाड सोडून माणसाकडे यावं लागतं, कारण बाई स्वतः फुलावर असताना हललेली आहे. तिचं सासर कुही तालुक्यात, नदीकाठी. आमच्या मौद्याजवळून जाणारी कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, त्या बाजूला. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हातून गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्या पाण्याखाली जाणार हे तेव्हापासून ठरलेलं, आणि उठायला मात्र वर्षानुवर्षं लागली. बाईचं गाव उठलं तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास होती. घर भरलेलं, सुना आलेल्या, गावात तिचा शब्द चालायचा. बाळंतपण असो की भांडण, तिला बोलावणं यायचं.

नवीन गावातला रस्ता जुन्यापेक्षा रुंद आहे. शाळा आहे, नळ आहे, नाल्या आहेत. धरणाचं पाणी शेतांना मिळतं, मौद्याच्या वीजकेंद्रालाही तिथूनच येतं, आणि त्या विजेवर माझ्या घरचा पंखा फिरतो. तेव्हा धरण नको होतं, असं मी सावलीत बसून म्हणणार नाही. बाईही म्हणत नाही. मी एकदा सरळ विचारलं, की एकंदरीत बरं झालं की वाईट? तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, "पोराइचं बरं झालं."

'पोराइचं' यावर तिचा जोर होता. मोठी कुंडी बियांना लाभली. मुलं शिकली, एक नागपूरला घर बांधून राहिला. तिला मात्र त्यानंतर कुणी भांडण मिटवायला बोलावलं नाही. प्लॉटचे नंबर लागले तशी घरं झाली, आणि शेजार विस्कटला. गोळ्याची माती झडून गेली. याचा मोबदला कोणत्या कागदावर लिहायचा, मला कळत नाही. घराचा मोजता येतो, झाडांचा मोजतात, विहिरीचा मोजतात. पुढच्या पिढीचं भलं खरं असलं, तरी त्या भल्याची किंमत ज्यानं दिली त्याच्या नावावर ते जमा करता येतं का? मला वाटतं, येत नाही. उपकार मुलांवर झाले आणि कर्ज आईवर चढलं, असा तो हिशेब आहे. गाव उठवावंच लागलं असेल, पण 'तुमच्याच भल्यासाठी' हे शब्द तिच्यासारख्यांना ऐकवू नयेत.

आता भाचा तिला नागपूरला नेतो म्हणतो. नव्या घरात तिच्यासाठी खालची खोली काढली आहे, जिना चढायला नको म्हणून. पोरगा चांगला आहे. गुडघे दुखतात, रात्री एकटी असते, त्याची काळजी खोटी नाही. त्यानं मला मध्ये घातलं, "मामाजी, तुम्ही समजावा." मी समजावलं नाही. त्याला एवढंच सांगितलं, की तिची खाट, तिची चूल आणि शेजारची तिची मैत्रीण, यातलं काय काय सोबत नेता येतं ते आधी बघ. मैत्रिणीला पहिले पंधरा दिवस राहायला बोलाव. आणि तारीख तू ठरवू नको.

मग त्यानं तिलाच विचारलं. तिनं कुंपणावर वाल लावला आहे, तो नुकताच फुलावर येतो आहे. म्हणाली, "वालाच्या शेंगा उतरू दे, मंग पाहू." यंदा पाऊस लांबला, वालही उशिरा आहे.