सर्वांत मोठा कोण?

आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स आणि टेक्निशियन अशा सगळ्यांसाठी एकच लहानशी कॉफीची खोली आहे. तिथे राजकारण बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे, त्यामुळे भांडणे होतात ती फुटबॉलवरून आणि संगीतावरून. एका शुक्रवारी दुपारी तिथे वाद रंगला होता : स्लाइड गिटार वाजवणाऱ्यांत आजवरचा सर्वांत मोठा कोण?

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताची बोटे तारेला पडद्यापाशी दाबतात. स्लाइडमध्ये तार दाबायची नाही. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून, नाहीतर हातात पोलादी कांब धरून ती तारेवरून सरकवायची. मग एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. आपल्या भाषेत सांगायचे तर मींड. पेटी आणि सारंगी यांत जो फरक, तोच साधारण इथेही आहे. पडद्याचा आधार सुटल्यावर सूर सांभाळायला फक्त कान उरतो. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कांबेची पद्धत रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकवादकांनी ब्लूजमध्ये स्लाइडची आपली स्वतंत्र रीत घडवली.

त्या दिवशी आमचा ज्येष्ठ एक्स-रे टेक्निशियन ड्वेन ऑलमनच्या बाजूने हट्टाने बसला होता. तो इथल्या जॉर्जियातला, आणि ड्वेनची समाधीही इथल्याच मेकन गावात. टेक्ससहून आलेल्या एका नर्सबाईंचे मत ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाला. तरुण रेसिडेंटला डेरेक ट्रक्सपलीकडे कोणी दिसत नव्हते. आणि मी? मी अर्थातच आपल्या विश्वमोहन भट्टांचा झेंडा घेऊन उभा. खरे सांगायचे तर त्यातला निम्मा अभिमान संगीताचा होता आणि निम्मा पासपोर्टच्या जुन्या रंगाचा!

ड्वेन ऑलमनची एक हकीकत डॉक्टर म्हणून मला फार आवडते. ती त्याच्या भावाने, ग्रेगने, सांगितलेली आहे. १९६८ साली ड्वेन सर्दीने आजारी होता. वाढदिवसाला ग्रेगने त्याला एक रेकॉर्ड आणि सर्दीच्या गोळ्यांची बाटली दिली. औषधाचे नाव कोरिसिडिन. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीचे लेबल धुऊन काढले, ती काचेची बाटली बोटात घातली आणि स्लाइड वाजवायला शिकला. गोळ्यांनी सर्दीचे काय केले असते कोण जाणे, पण रिकाम्या बाटलीने मात्र मोठे काम केले! २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याला पंचविसावे वर्षही पुरे नव्हते. म्हणजे स्लाइडवर त्याचा हात फिरला तो जेमतेम तीन वर्षे.

आता गंमत पाहा. २००३ साली 'रोलिंग स्टोन' मासिकाने जगातल्या शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. त्यात ड्वेन दुसरा होता. २०११ साली त्याच मासिकाने नवी यादी केली. त्यात तो नववा! मधल्या आठ वर्षांत त्याने काय बिघडवले? काहीच नाही. त्याला जाऊन तीस वर्षे उलटली होती. त्याने वाजवलेला एकही स्वर बदलला नव्हता, बदलले होते ते परीक्षक. आमच्या टेक्निशियनला मी हे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "डॉक, २००३ ची यादी बरोबर आहे."

घरी परतताना मी गाडीत विचार करत होतो. तुलना करणे हा आमचा तर धंदाच आहे. नवे औषध आले की आम्ही विचारतो, जुन्यापेक्षा चांगले आहे का? पण तो प्रश्न विचारताना आधी ठरवावे लागते की चांगले म्हणजे कशासाठी. रक्तदाब उतरवायला? झोप लागायला? माप एक असेल, रोगी सारखे असतील, तरच उत्तराला काही अर्थ. रक्तदाबाच्या गोळीची तुलना कोणी खोकल्याच्या औषधाशी करत नाही. मग १९२७ साली डॅलसमध्ये, शब्दावाचून नुसते गुणगुणत, रात्रीच्या अंधाराचे गाणे रेकॉर्ड करणारा ब्लाइंड विली आणि हजारो माणसांपुढे रॉक बँडमध्ये वाजवणारा ड्वेन यांना कोणते एक माप लावायचे?

तुम्ही म्हणाल, मग काय सगळेच सारखे? तसे मुळीच नाही. बेसूर तो बेसूरच. स्लाइड पडद्याच्या जरा अलीकडे राहिली तर सूर उतरतो, आणि ते कोणी सांगितले नाही तर शिकणारा शिकणार कसा? 'हे अधिक चांगले झाले' आणि 'हे कमी पडले' असे म्हणता आलेच पाहिजे. त्याशिवाय ना गुरू उरेल ना रियाज. पण 'अधिक चांगले' ही वाट दाखवणारी खूण आहे. 'सर्वांत मोठा कोण' हा वाट संपवणारा निकाल आहे. पहिला प्रश्न कान उघडतो. दुसऱ्याचे उत्तर एकदा मिळाले की कान मिटतात.

आपल्याकडेही असे वाद काय कमी झाले? केसरबाई केरकर मोठ्या की मोगूबाई कुर्डीकर? दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. या वादाचा फायदा त्यालाच झाला, जो घरी जाऊन दोघींच्या रेकॉर्ड पुन्हा ऐकत बसला. आमच्या कॉफीच्या खोलीतल्या वादाचाही मला तोच फायदा झाला. हरलो की जिंकलो ते आठवत नाही, पण त्या आठवड्यात मी ब्लाइंड विली प्रथमच नीट ऐकला. आणि भट्टांचा जो अल्बम मी ढालीसारखा पुढे केला होता, 'अ मीटिंग बाय द रिव्हर', त्याचीच मला गंमत वाटू लागली. १९९३ सालचा तो अल्बम भट्ट आणि राय कूडर या दोन स्लाइडवाद्यांच्या वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेला आहे. दोघांची जुनी ओळखही नव्हती. १९९४ साली त्याला ग्रॅमी मिळाली ती दोघांना मिळून. त्यात कोण जिंकला हे शोधायला गेलात तर ते संगीत तुम्हाला ऐकूच येणार नाही.

इथपर्यंतचा विचार सोपा होता, कारण तो परक्या माणसांविषयी होता. पुढचे लिहायला मला थोडे जड जाते आहे.

आमच्या सांगलीच्या घरी एक हवाईयन गिटार होती. १९४० च्या दशकात टाऊ मो नावाचा हवाईयन कलावंत कलकत्त्यात राहत होता. तिथून या वाद्याची गोडी आपल्याकडे पसरली. पुढे व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांनी सिनेमातल्या गाण्यांच्या धुना घरोघरी पोहोचवल्या, आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारीला रागसंगीताच्या बैठकीत बसवले. ही रेकॉर्ड आमच्या शेजाऱ्यांकडे होती. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, तिने वेड लावले. त्याने जुनी गिटार मिळवली, मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांकडून नीट करून घेतली, आणि गल्लीच्या गणपतीत तो मांडीवर गिटार आडवी घेऊन वाजवू लागला.

१९८५ साली माझा दहावीचा निकाल लागला. मी शाळेत पहिला आलो होतो. घरी पेढे आले, शेजारी आले. त्या भरात बाबा दादाकडे वळून म्हणाले, "हातात लोखंडाचा तुकडा धरून बसण्यापेक्षा याच्यासारखं पुस्तक धरलं असतंस, तर तूही काहीतरी झाला असतास." बाबा दुष्ट नव्हते. त्या काळी वडील असेच बोलत. पाहुणे हसले. दादाही हसला. पुढच्या गणपतीत तो वाजवायला बसला नाही आणि गिटार कपाटावर गेली.

तुलनेत हरणाऱ्याला ती कायम आठवते. जिंकणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. मी आयुष्यभर समजत आलो की मी कोणाशी स्पर्धा केली नाही, कोणाचे वाईट केले नाही. ते खरेही आहे. मी काही केले नाही. मी फक्त फूटपट्टी होतो. पण फूटपट्टीनेही हातावर वळ उठतात.

गणेशोत्सवात आपण मुलांना एक गोष्ट हमखास सांगतो. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागते, कार्तिकेय मोरावर बसून निघतो आणि गणपती आईवडिलांभोवती फिरून पैज जिंकतो. आपण टाळ्या वाजवतो. माझ्या एका तमिळ सहकाऱ्याने मला या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. तो त्यांच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. सारे जग फिरून परतलेला कार्तिकेय निकाल ऐकतो, रागावतो आणि घर सोडून पळनीच्या डोंगरावर जाऊन राहतो. आपल्या घरात गणपती असल्यामुळे असेल, पण मला ती गोष्ट पन्नाशी ओलांडेपर्यंत अर्धीच माहीत होती.

अलीकडे मी दादाला फोन केला आणि विचारलेच, "दादा, गिटार का सोडलीस रे?"

"अरे, तारा मिळेनात धड. मग बँकेत चिकटलो. वेळ कुठे होता?"

"बाबा ते बोलले तेव्हा मी तिथेच होतो."

थोडा वेळ फोनवर काहीच आले नाही. मग तो हसत म्हणाला, "हो तर. तू पेढा खात होतास."

मला पुढे बोलवेना. त्यानेच विषय बदलला. तुमच्याकडे सगळ्यात मोठा गिटारवाला कोण मानतात, असे विचारले. मी सगळी नावे सांगितली. तो म्हणाला, "व्हॅन शिप्ले. बाकीचे आम्ही ऐकलेत कुठे?" मला वाटते, त्या वादातले सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच असावे.

१९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात गेली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांत आपल्या गोव्याच्या केसरबाईंची भैरवी आहे आणि ब्लाइंड विलीचे ते शब्दावाचूनचे गाणेही आहे. दोन्ही जेमतेम साडेतीन मिनिटांची. ब्लाइंड विली १९४५ मध्ये टेक्ससमध्ये गेला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर हिवतापाचे कारण लिहिलेले आहे. केसरबाई १९७७ च्या सप्टेंबरात गेल्या, दुसरे यान सुटल्यावर काही दिवसांतच. आज ती दोन गाणी सूर्यमालेचा वारा मागे टाकून एकाच तबकडीवरून पुढे चालली आहेत. ती निवडणाऱ्यांनाही कितीतरी नावे वगळावी लागली असतील. निवड कुणालाच चुकत नाही. पण निवड म्हणजे क्रमवारी नव्हे. त्या तबकडीवर कोणाच्याही नावापुढे पहिला, दुसरा, नववा असे लिहिलेले नाही.

गेल्या डिसेंबरात सांगलीला गेलो तेव्हा इथून तारांचे दोन संच आणि एक पोलादी कांब घेऊन गेलो. गिटार कपाटावरून खाली काढली, पुसली, पुन्हा मिरजेची फेरी झाली. दादाने तारा लावल्या आणि एका जुन्या गाण्याची ओळ वाजवून पाहिली. हात कापत होता. वरचा सूर खालीच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले.

"उतरला ना?"

"हो. पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा.

वाचकहो, या उत्सवात आपली मुले स्टेजवर गातील, नाचतील, पेटी-तबला वाजवतील. ती खाली उतरून आपल्याकडे येतील तेव्हा पहिला कोण आला आणि शेजाऱ्यांच्या मुलीने किती छान केले, हे मनात आले तरी क्षणभर ओठांवर आणू नका. चुकले असेल तर चुकले म्हणा, तेही प्रेमाचेच लक्षण आहे. आणि मग म्हणा, पुन्हा वाजव, मी ऐकतो आहे. घरातला एखादा कार्तिकेय त्याने घरातच राहील.

गणपती बाप्पा मोरया!