किती ठेवायचे?

"किती ठेवायचे?" चाचांनी विचारलं.

त्यांच्या डाव्या हातात आमच्या पिकअपचा उघडलेला मीटर होता, उजव्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. किलोमीटरच्या आकड्यांची छोटी काळी चाकं त्यांच्या बोटाने सुटी फिरत होती. आपण म्हणू तो आकडा लावून मिळणार होता. अण्णा बाजूला जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. ते काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "एक लाख वीस ठेवा."

त्या वाक्याबद्दल हे सगळं लिहितोय.

गाडी २००७ सालची. अण्णा नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीला जायचे आणि मोकळे क्रेट घेऊन परत यायचे. जाऊन-येऊन साधारण सव्वातीनशे किलोमीटर. एके दिवशी मीटरमधला आकडा २,१४,३८६ वर थांबला. वेगाचा काटा मात्र चालूच होता. हे कसं, ते मला नंतर कळलं. गिअरबॉक्सपासून येणारी केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची छोटी वाटी वळते, एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा वेग दाखवतो. त्याच केबलवर प्लास्टिकचे बारीक दातेरी गिअर किलोमीटर मोजतात. एक दात तुटला की मोजणी बंद. वेग दिसतच राहतो. गाडी आत्ता किती पळतेय ते कळतं, आजवर किती पळाली ते नाही.

अण्णांनी दुरुस्त केलं नाही. "भाडं खेपेवर मिळतं, किलोमीटरवर नाय," एवढंच ते म्हणाले. तीन हंगाम तसेच गेले.

मग मे महिन्यात, परतीच्या वाटेवर माळशेज चढताना इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफ आली तेव्हाच अण्णांना कळलं. हीटचा काटा तर शांतपणे खाली, थंडच्या खुणेवर बसलेला होता. हेड उतरवावं लागलं, गॅस्केट गेलं होतं, बिल पस्तीस हजारांच्या वर गेलं. गाडी विकायची ठरली. विकायच्या आधी मीटर नीट करायला आम्ही चाचांच्या टपरीत आलो.

मला वाटत होतं मीटरच बदलावा. भंगारातून अख्खा मीटर स्वस्तात मिळतो. चाचांनी ऐकलं नाही. इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढून तिचं टोक त्यांनी बॉडीला टेकवलं आणि मला चावी फिरवायला सांगितली. काटा उठला आणि पार लाल खुणेपर्यंत गेला. "बघ. काटा बराबर हाय," ते म्हणाले. "त्याला कोणी काय सांगतच नव्हतं."

सेन्सरच्या जवळ वायर आतून तुटली होती. आता यातली गंमत बघा. इंजिनचं पाणी तापतं तसा सेन्सरचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि काटा वर सरकतो. पाणी थंड असेल तर करंट कमी, काटा खाली. आणि वायर तुटली तर करंट शून्य, म्हणजे काटा पुन्हा खालीच. सगळं ठीक असणं आणि काहीच न कळणं, दोन्ही त्या काट्यावर एकसारखं दिसतं.

घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही हा काटा ओळखीचा वाटेल. रात्री फोन लावायचा. "कसे आहात?" "बरं आहे." फोन ठेवायचा.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत फोर्डच्या पिकअपमध्ये ऑइल प्रेशरचा काटा दिसायला काट्यासारखाच होता, पण त्याच्यामागे प्रेशर मोजणारा सेन्सर राहिला नव्हता. होता तो साधा स्विच. प्रेशर सहा-सात पीएसआयच्या वर असलं की काटा मधोमध उभा, खाली गेलं की शून्यावर. मधलं काहीच नाही. कारण असं सांगितलं जातं की खरा काटा इंजिनच्या फेऱ्यांप्रमाणे वर-खाली हलायचा, लोक घाबरून तक्रारी घेऊन यायचे. आजही जुन्या ट्रकचे हौशी मालक तो स्विच काढून खरा सेन्सर बसवतात आणि जोडीचा रेझिस्टर बायपास करतात. हलणारा, काळजीत टाकणारा काटा मिळावा म्हणून ते पदरचे पैसे घालतात.

मला हे लोक आवडतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याचदा मी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बाजूचा असतो. मला माहिती नको असते, दिलासा हवा असतो.

आता पुन्हा चाचांच्या टपरीत. एक लाख वीस हजार का म्हणालो? हिशोब साधा होता. एवढ्या आकड्याला गाडीचे निदान चाळीस हजार जास्त आले असते. हेडचा खर्च निघाला असता. बाजारात सगळेच आकडा मागे घेतात, घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे मी तोंडाने काहीच खोटं बोलणार नव्हतो. मीटर जे दाखवतो ते दाखवतो.

अण्णांनी कप खाली ठेवला. "लाव आकडा. पण गिऱ्हाइकाला तूच सांगायचं. फोनवर नाय, तोंडावर. गाडी एक लाख वीस फिरलीय म्हणून."

गिऱ्हाईक म्हणजे ओतूरकडचा, माझ्याच वयाचा मुलगा. पतसंस्थेचं कर्ज काढून पहिली गाडी घेत होता. त्याच्या डोळ्यात बघून ते वाक्य मी बोलू शकलो नसतो, हे मला तिथेच कळलं. मग मीटरकडून तेच वदवून घ्यायला मी इतका तयार का होतो?

यावर मी बराच विचार केला आहे. काट्यावर आपण विश्वास ठेवतो कारण काट्याला काही नको असतं. त्याला गाडी विकायची नसते, हेडचं बिल भरायचं नसतं. विकणाऱ्याच्या बोलण्यातून आपण दहा-वीस टक्के वजा करून ऐकतो, मीटरमधून वजा करत नाही. मी आकडा मागे घेतला असता तर मीटरचा हा निःस्वार्थीपणा माझ्या फायद्यासाठी वापरला असता. म्हणून मला ते तोंडावर खोटं बोलण्यापेक्षा हलकं नाही, जड वाटतं. समोरच्याची सावध राहण्याची संधीच त्यात जाते. अश्वत्थामा गेल्याचं धर्मराजाने सांगितलं तेव्हा त्या नावाचा हत्ती खरोखर मेला होता. तरी जमिनीच्या वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच.

पण मग खरा आकडा कोणता? ही अडचण उरतेच. २,१४,३८६ ठेवला तर तोही आता खोटा. अण्णांच्या हिशोबाच्या वहीत थांबलेल्या मीटरनंतरच्या वाशीच्या २१२ खेपा होत्या. २१२ गुणिले ३२५ म्हणजे ६८,९००. बेरीज २,८३,२८६. शिवाय शेतावरच्या, लग्नकार्याच्या, दवाखान्याच्या फेऱ्या कुणीच लिहिल्या नव्हत्या. शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसणारा हा आकडा लावणं म्हणजे अंदाजाला मोजमापाचे कपडे चढवणं.

अमेरिकेत १९७२ साली आकड्यांशी छेडछाड रोखणारा कायदा झाला. त्यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. दुरुस्तीनंतर मीटरवर मूळ आकडा ठेवणं शक्य नसेल तर शून्य ठेवा, आणि डाव्या दरवाजाच्या चौकटीवर दुरुस्तीआधीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहून चिकटवा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि ते दिसेल अशा जागी लिहा.

आम्ही तेच केलं. चाचांनी गिअर बदलला, सगळी चाकं शून्यावर आणली. आमचा ड्रायव्हरचा दरवाजा उजवीकडे, म्हणून तिथे मी कागद चिकटवून वरून सेलोटेप मारली: मीटर २,१४,३८६ ला बंद पडला, पुढे तीन हंगाम चालली, अंदाजे पावणेतीन लाखांच्या वर, हेडचं काम झालेलं आहे.

त्या मुलाने कागद दोनदा वाचला आणि पंचेचाळीस हजार कमी केले. अण्णांनी दिले. त्या प्रामाणिकपणाचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही. पुढच्याच महिन्यात आमच्याच गावातली एक दमलेली गाडी नव्वद हजारांच्या आकड्यावर झटक्यात विकली गेली. पंचेचाळीस हजार आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती, आणि ती माझ्या नाही, अण्णांच्या खिशातून गेली. हे अजून टोचतं. पण तो मुलगा घाट चढताना कुठल्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा हे जाणून चढतोय, तेवढं नक्की.

मी आता पुण्यात असतो. रात्रीचा फोन चालू आहे. अण्णांनी "बरं आहे" म्हटलं की मी चाचांसारखी वायर टेकवून बघतो. "बीपीच्या गोळ्या पाकिटात किती उरल्यात?"

परवा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माहीत नाय रे. थांब, बघून सांगतो."

मी फोन कानाला धरून थांबलो.