अळीतला देव आणि आमचा धुरा

गेल्या पौषात चिखली तालुक्यातल्या एका सप्ताहात कीर्तन आटोपून बसलो असता एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "महाराज, तुमी म्हनता सर्व्या जीवाईत देव हाये. मंग घाटेअळीत बी हाये का? फवारा मारू का नोको?" टाळकरी हसले. मला हसू आले नाही. प्रश्न खरा होता.

मी म्हटले, "मार बापा. लेकरांच्या घासासाठी मारावेच लागते. पण लागते तेवढेच." तो "बरं" म्हणून गेला. माझी मात्र झोप उडाली, कारण मला माझाच धुरा आठवला.

त्या धुऱ्यावर हिवर, बोरी, दोन पळस आणि नावही ठाऊक नसलेली झुडपे होती. ट्रॅक्टर वळवायला अडचण, म्हणून मी ती तोडवली. उरले ते तणनाशकाने जाळले. त्यांनी माझे काय खाल्ले होते? पुढच्या वर्षी कांद्याचे बी धरले. वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल की कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून. एकाचा पराग दुसऱ्याकडे नेणारी माशी नसेल तर गोंडा फुलतो, पण बी भरत नाही. माझे गोंडे पांढरेशुभ्र फुलले आणि पुष्कळसे पोचट निघाले. धुरा हेच एक कारण असे शपथेवर सांगणार नाही. पण फुलोरी माशीचे मोहोळ त्याच बोरीत असे, हे भाड्याने मधपेट्या आणताना आठवले.

पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना हेत्वाभास घोकले होते. 'प्रयोजन दिसत नाही, म्हणून प्रयोजन नाही' हा तर उघड हेत्वाभास. आणि साठी उलटल्यावर मीच त्यात सापडलो!

पण श्रोतेहो, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. माशी उपयोगी म्हणून राखावी, तर ज्याचा उपयोग आपल्याला कधीच कळणार नाही त्याचे काय? आपले लोणार पाहा. जून २०२० मध्ये त्या विवरातले पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले. खारटपणा वाढल्याने मिठात जगणारे सूक्ष्म जीव वाढले होते. कमळजादेवीच्या दर्शनाला मी कितीदा त्या काठी उतरलो, पण पाण्यात एवढे कुळ नांदते याची गंधवार्ता नव्हती. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत आले, चांगले झाले. पण ते जीव काही यादीसाठी जगत नव्हते. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा तहानेल्या गाढवाच्या तोंडी घातली, ती त्याच्याकडून ओझे वाहून घेण्यासाठी नव्हे.

मग संसारी माणसाने काय करावे? अळीशी लढाई आहे, ती लढावी. पण गोंडे फुलात असता, माशा हिंडत असता फवारा नको. धुऱ्यावर चार हात झाडोरा राहू द्यावा. वारीत पत्रावळ पळसाचीच घ्यावी. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती व लोकनोंदवही सांगितली आहे, ती ग्रामपंचायतीत मागून पाहा. म्हाताऱ्या गुराख्याला ठाऊक असलेले झाड तीत नसेल तर लिहवून घ्या. त्याच्यामागे ते नाव कोण सांगणार?

मी यंदा धुऱ्यावर हिवर आणि बोर लावली. पळस मात्र आपणच फुटला, मुळाशी जीव होता. त्या तरुणाला तो पाहायला बोलावले आहे.