खाडाखोडीचा धर्म

पूर्वजांकडून आलेल्या वस्तूत फेरफार करण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न घरे, देवघरे आणि रूढी यांच्या संदर्भात आम्ही पुष्कळदा ऐकला होता. परंतु तो एका विजेवरच्या गिटारीच्या निमित्ताने आमच्यापुढे उभा राहील, असे कधी वाटले नव्हते.

आमची सध्याची नेमणूक शिलाँगला आहे. पदवी पदार्थविज्ञानाची आणि नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकुनाची. त्यामुळे पदवीचा उपयोग एवढाच की, शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या इस्त्र्या व रेडिओ आमच्याकडे येतात. या गावाला गिटारीचे वेड आहे. शेजारी एक खासी कुटुंब राहते. गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. मागे पत्नी व कॉलेजात शिकणारा मुलगा. एके संध्याकाळी मुलगा वडिलांची गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हिची आतली जोडणी थोडी बदलून द्याल?" पाठोपाठ त्याची आई आली. त्यांना येथील रिवाजाप्रमाणे आम्ही 'काँग' म्हणतो. त्या इतकेच म्हणाल्या, "त्यांनी ठेवली तशीच ती राहू द्या."

मुलाचे म्हणणे समजण्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. या जुळणीस पिकअप म्हणतात. शेजाऱ्यांची गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची. तिला पिकअप तीन. मानेजवळचा भरदार बोलतो, घोडीजवळचा धारदार, मधला या दोहोंच्या मधला. त्यांच्या जोडण्या गणिताने सात होतात: एकेकटे तीन, जोडीने तीन आणि तिन्ही मिळून एक. परंतु पाच खाचांचा स्विच पाचच देतो. दोन टोकांचे एकत्र आणि तिन्ही एकत्र, हे दोन आवाज गिटारीत असूनही बाहेर पडू शकत नाहीत. एक लहानसा स्विच घालून मानेजवळचा पिकअप हवा तेव्हा जोडता आला की सातही हाती येतात. मुलाची मागणी एवढीच होती.

दोघांचेही म्हणणे प्रेमातूनच आले होते, हीच खरी अडचण. आईला वस्तूच्या रूपात माणूस जपावयाचा होता. मुलाला तिच्या कार्यात. रूप राखावे तर वाद्य मुके होण्याचा संभव, आणि कार्य वाढवावे तर स्मृती पुसली जाण्याचे भय.

निर्मात्याची इच्छा प्रमाण मानावी, असे कोणी म्हणेल. पण स्ट्रॅटोकास्टरचा निर्माता लिओ फेंडर मूळचा कॅलिफोर्नियातील रेडिओदुरुस्ती करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५४ साली ही गिटार बाजारात आली तेव्हा तिच्या स्विचला तीनच खाचा होत्या. वादकांनी तो दांडा दोन खाचांच्या मध्ये अडकवून ठेवण्यास आरंभ केला आणि दोन पिकअप एकत्र बोलू लागले. निर्मात्याने न योजिलेला तो आवाज लोकांना इतका आवडला की १९७७ मध्ये कंपनीनेच पाच खाचांचा स्विच बसविला. म्हणजे आज जे 'मूळ' म्हणून पूज्य मानले जाते, त्यातील काही भाग वादकांच्या आगळिकीचे फळ आहे! डेव्हिड गिल्मर या इंग्रज वादकाने १९७० साली घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान, पिकअप, आतली जोडणी सारे वेळोवेळी बदलले; आमच्या शेजाऱ्याला हवा होता तसलाच जादा स्विचही तिच्यात बसविला. २०१९ साली तीच गिटार लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली; त्या वेळपर्यंत कोणत्याही गिटारीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

परंतु या दाखल्याने आमचे समाधान झाले नाही. यशस्वी माणसाची मोडतोड लोक कौतुकाने सांगतात. अयशस्वी हातांनी भोके पाडून बिघडविलेल्या वाद्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. परिणाम चांगला झाला म्हणून कृती न्याय्य ठरते, असे म्हटल्यास सगळी नीती नशिबाच्या हवाली करावी लागेल.

आम्हांस वाट सापडली ती तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नव्हे, कचेरीच्या रजिस्टरात. नोंद चुकली तर ती खरवडावयाची नाही, तिच्यावर गिरवावयाचे नाही. जुना मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारावयाची, नवा मजकूर लिहावयाचा आणि शेजारी तारखेसह सही करावयाची. नोकरीच्या पहिल्या वर्षी हा नियम आम्हांस निव्वळ अविश्वासाचा वाटला होता. आता वाटते, त्यात मोठी सभ्यता आहे. बदलास तो मज्जाव करीत नाही. जुने वाचता आले पाहिजे आणि बदलणाराने आपले नाव लपवू नये, एवढेच तो मागतो.

आम्ही तोडगा सुचविला. लाकडाला नवे भोक पाडावयाचे नाही. टोन कमीजास्त करणारे एक बटण काढून, त्या जागी वर ओढले की स्विचचेही काम करणारे बटण बसवावयाचे. बटण खाली असताना गिटार वडिलांची. वर ओढले की मुलाची. काँग बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी वरची पांढरी पट्टी उलगडली आणि आम्ही थबकलो. आवाजाच्या बटणाच्या दोन पायांमध्ये एक चिमुकला कपॅसिटर जोडलेला होता, आणि त्याचे कथिलाचे डाग ओबडधोबड, हौशी हाताचे होते. आवाज कमी केला की त्यातील तीक्ष्ण स्वरांशही बोथटतात; हा कपॅसिटर त्यांना आडवाटेने पलीकडे नेतो, म्हणून हळू वाजविले तरी आवाज स्वच्छ राहतो. आम्ही हे सांगताच काँग म्हणाल्या, "हा लहान होता ना. हा झोपल्यावर ते वाजवीत." एवढे बोलून त्या पाणी आणावयास आत गेल्या.

ती जोडणी आम्ही तशीच राहू दिली. नवे बटण बसविले, जुन्या व नव्या जोडणीची आकृती एका कागदावर काढली, खाली आमचे व मुलाचे नाव आणि तारीख घातली, आणि काढलेले बटण त्याच कागदात गुंडाळून गिटारीच्या पेटीत ठेवले. काँगचा सल संपला, असा दावा आम्ही करीत नाही. त्या घरी असल्या की मुलगा बटण खालीच ठेवतो, एवढे आमच्या कानांवर येते.

परंतु त्या कागदावर सही केल्यापासून आमचीच एक नोंद आम्हांस खुपते आहे. बदल्यांच्या या नोकरीत आपण सर्वच काही ना काही बदलीत जातो. आमच्या वडिलांच्या घरी गणपती पाच दिवस असे. रजेच्या आणि जागेच्या अडचणीने आमच्याकडे तो दीड दिवसाचा झाला. त्यात आम्हांस अधर्म दिसत नाही. मात्र आमच्या आठ वर्षांच्या मुलीला गणपती मुळातच दीड दिवसाचा असतो असे वाटते. म्हणजे तेथे आम्ही रेघ मारली नाही, सरळ खरवडले. आणि सहीही केली नाही.